हजेरीपटावरची चौथी

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन पानांपैकी दीड पान तुझ्या गुडघ्याबद्दल आणि उरलेलं अर्धं तुझ्या वरिष्ठांच्या नावाने खडे फोडण्यात गेलं आहे, तेव्हा तू ठणठणीत आहेस हे कळलं. आम्हीही तिघं ठीक आहोत. फोन का करत नाहीस, असं तू विचारतोस. एक तर या वसाहतीत नीट आवाज येईल असा फोन एकच, तोही नदीपलीकडच्या ऑफिसात. मागे रांग लागलेली असताना घरच्या गोष्टी काय बोलायच्या? आणि फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

पुलाचे सात खांब उभे राहिले, आठव्याचं काम चालू आहे. हे सकाळी सहाला डोक्यावर टोपी चढवून जातात ते सिमेंटने पांढरे होऊन येतात. हा पूल झाला की पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. भिंगरीच्या अकरा वर्षांतलं हे पाचवं घर. म्हणूनच शाळा बदलत बसण्यापेक्षा तिला घरी शिकवायचं ठरवलं, हे तुला माहीत आहे. सासूबाईंना ते अजून पचलेलं नाही, हेही माहीत आहे. मागच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं की पोरीला माणसांची सवय राहिली नाही, ती एकलकोंडी होईल. मी उत्तरादाखल तिने काढलेले नकाशे पाठवून दिले.

आमची शाळा झोकात चालू आहे. स्वयंपाकघराशेजारची खोली, एक टेबल, एक फळा, खिडकीशी पितळी घंटा. साडेआठला घंटा, मग हजेरी. आता एकटीची हजेरी काय घ्यायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी खरा हजेरीपट आणला आणि आम्ही दोघींनी मिळून वर्ग भरला. पहिली भिंगरी, दुसरी बडबडी, तिसरा लांबुडका. चौथीचं नाव भिंगरीनेच ठेवलं, कोपऱ्यातली. सगळ्यांची हजेरी तीच वेगवेगळ्या आवाजांत देते. बडबडीला मी रोज गप्प बसवते, लांबुडक्याला म्हणते जरा वाकून बस, मागच्यांना फळा दिसत नाही. हसू नकोस. अकरा वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात काढल्यावर मलाही थोडी गजबज लागते.

तर गंमत अशी की कोपऱ्यातली तीन आठवडे गैरहजर आहे. नाव पुकारलं की भिंगरी मान हलवते आणि कारण सांगते. पहिल्या दिवशी म्हणे पोट दुखत होतं. मग बूट सापडत नव्हते. एकदा म्हणाली की ती दारापर्यंत आली होती, पण कोणी बघितलं नाही म्हणून परत गेली. परवा म्हणाली की ती अंथरुणात आहे, आजारी नाही, नुसती आहे. काय डोकं चालतं बघ पोरीचं. मी म्हटलं, चला, यातून पत्रलेखनाचा धडा होईल. मी मुख्याध्यापिका होऊन सूचना लिहिली की आपली पाल्य तीस दिवस विनाअर्ज गैरहजर राहिल्यास तिचं नाव पटावरून कमी करण्यात येईल. पालकांचं उत्तर भिंगरीला लिहायला सांगितलं. ते सोबत पाठवते आहे. दहापैकी साडेनऊ गुण दिले. शेवटी विनंती स्पष्ट नाही, म्हणून अर्धा कापला.

पोरगी गुणी आहे रे. उलट उत्तर नाही, हट्ट नाही, सांगितलेलं सगळं करते. हल्ली जेवण थोडं कमी झालंय, आणि दुपारी मैदानावर जा म्हटलं तर खिडकीतूनच बघत बसते. पण वाढीचं वय आहे, चालायचंच.

गुडघ्याला जप. माझ्यावर रागवायची तुला कायम मुभा आहे, उत्तराला उशीर करायची नाही.

तुझी,
धाकटी

(सोबत)

मा. मुख्याध्यापिकाबाईंस,

आपली सूचना मिळाली. माझ्या मुलीला शाळेचा कंटाळा आलेला नाही. शाळा चांगली आहे. बाई खूप मेहनत घेतात. सकाळी तिचे पाय जड होतात आणि छातीत काहीतरी घट्ट होतं, पण ताप नसतो, म्हणून तिला आजारी म्हणता येत नाही. ती कोणाला त्रास देत नाही. ती नसली तरी वर्ग नीट चालतो, हे तिने पाहिलं आहे. तरी आपण काळजी करू नये.

आपली विश्वासू,
कोपऱ्यातलीची आई


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, पत्र पोचलं. गुडघा सुधारला आहे. वरिष्ठ सुधारण्यापलीकडे आहेत. आमच्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत नवीन टेबल आलं, ते इतकं उंच आहे की म्हाताऱ्या माणसांना वर चढवायला दोन माणसं लागतात. चढताना कोणी पडलंच तर प्लास्टर घालायची सोय जवळच आहे, असं मी वरिष्ठांना सांगितलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. असो.

भिंगरीचं उत्तर वाचलं. पहिल्यांदा हसलो. मग दुपारी डबा खाताना परत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

तुला एक सांगतो. मागे एक सात-आठ वर्षांची मुलगी आली होती, मनगट सुजून टम्म झालेलं. कुठे दुखतं म्हणून विचारलं तर सांगेना. हातातला कापडी ससा पुढे केला आणि म्हणाली की याला दुखतंय. मी आधी सशाच्या पायाला पट्टी गुंडाळली. मग तिने हात दिला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. अशी मुलं वर्षातून पाच-सहा तरी येतातच. दुखणं मित्राचं असतं, बाहुलीचं असतं, शेजारच्या मुलाचं असतं. बावीस वर्षांत मी एवढंच शिकलो की तेव्हा मित्राची चौकशी करायची आणि नजर हातावर ठेवायची.

मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. तरी विचारतो. भिंगरीची झोप कशी आहे? पूर्वी तुला सळो की पळो करून सोडायची ती पोरगी हट्ट कधीपासून करेनाशी झाली? आणि गेल्या महिन्यात तुम्हा दोघांखेरीज ती कोणाशी बोलली? रागावू नकोस, नुसतं आठवून बघ. तू तिला उत्तम शिकवतेस, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ही तक्रार शिकवण्याची नाहीच.

आणि एक. ते नाव कापू नकोस. गंमत म्हणूनही नको.

मेव्हण्यांना नमस्कार सांग. भिंगरीला माझ्याकडून एक टपली, हळू.

तुझा,
दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मी रोज आठ तास तिच्यासमोर असते. तू तिला वर्षातून चार दिवस बघतोस आणि त्यातले दोन दिवस तिला पत्ते शिकवण्यात घालवतोस.

हे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. सासूबाई विचारतात, वसाहतीतल्या बायका विचारतात, मागच्या घरी तर टपाल वाटणाराही विचारायचा, की मुलगी शाळेत का जात नाही. सगळे टपूनच बसलेत, कुठे काही बिनसलं की म्हणायला मोकळे. आता त्या रांगेत तूही उभा राहिलास. मुलगी जरा शांत झाली की लगेच तिचं काही दुखतंय? शाळेत जाणाऱ्या किती मुली शांत असतात, त्यांच्या आयांना कोणी असं लिहितं का?

झोपेचं म्हणशील तर ती उशिरा झोपते आणि मला उठवावं लागतं. कोणाशी बोलली म्हणशील तर दूधवाल्याशी. दोनदा.

सोमवारी शाळेचे तीस दिवस भरतात. खेळात नियम ठरला आहे आणि नियम म्हणजे नियम. मुलांना शब्द पाळणारी माणसं दिसली पाहिजेत.

बाकी ठीक. आत्ता लोभ वगैरे काही लिहावंसं वाटत नाही, तो आहे असं धरून चाल.

धाकटी


दि. २४ फेब्रुवारी

दादा,

नाव कापलं.

आज सकाळी घंटा दिली, हजेरी घेतली. चौथीपाशी आल्यावर लाल पेन काढलं, पट्टी लावली आणि भिंगरीला दिसेल अशी रेघ मारली. खेळ हा खेळच असतो, हे मला तुला दाखवून द्यायचं होतं. तेच मला आता राहून राहून टोचतंय. रेघ मारताना माझ्या डोक्यात तू होतास, ती नव्हती.

ती वहीकडे वळली. भागाकाराची पाच उदाहरणं केली, पाचही बरोबर आली. मग तिने हजेरीपट आपल्याकडे ओढला, पट्टी लावली आणि पहिल्या ओळीवर, स्वतःच्या नावावर, तशीच रेघ मारली. माझ्यापेक्षा सरळ. मी विचारलं हे काय, तर म्हणाली की तिचं कापलं तर माझंपण कापायला पाहिजे, मीपण येत नाही. मी म्हटलं, अगं तू तर रोज माझ्यासमोर बसलेली असतेस. त्यावर ती म्हणाली की हो, बसते, पण येत नाही.

मग उठून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली. मी आधी समजावलं, मग थोडी रागावले, मग फरशीवर तिच्यासमोर बसून राहिले. दुपारी हे नकाशांची गुंडाळी न्यायला घरी आले तेव्हा आम्ही तशाच होतो. यांनी टोपी काढली आणि तेही खाली बसले. बऱ्याच वेळाने तिने यांच्या सदऱ्याची बाही धरली. माझी नाही धरली.

मागच्या पत्रात मी तुला वाटेल ते बोलले. खरं तर तुझं पत्र वाचताना मी घाबरले होते, म्हणून आवाज चढवला. दादा, मला शिकवता येतं. हे मला येत नाही. काय करू ते सांग. हे पत्र यांच्याबरोबर आजच्याच टपालात टाकते आहे.

धाकटी


दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र हातात पडल्या पडल्या तुमच्या ऑफिसच्या फोनवर मेव्हण्यांसाठी निरोप ठेवला, तिला एकटं सोडू नका आणि पत्र येतंय. तो मिळाला असेलच. आता नीट लिहितो. बसून वाच.

आमच्याकडे मुलांच्या विभागात एक समुपदेशक बाई आहेत. त्यांना सगळे खडूबाई म्हणतात, कारण मुलांबरोबर जमिनीवर बसून चित्रं काढतात आणि त्यांच्या खिशात कायम खडू असतात. तुमची नावं न सांगता मी त्यांना सगळं सांगितलं. हजेरीपटाचं ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की त्या मुलीने सांगायची एक जागा शोधली होती, आणि ती जागा आईच्याच वर्गात शोधली, म्हणजे तिला आईलाच सांगायचं होतं. हे वाक्य तू नीट लक्षात ठेव.

पहिलं काम अवघड आहे आणि ते तुलाच करायचं आहे. माझं नाव कापा असं म्हणणाऱ्या मुलीला सरळ विचारायचं, की तुला जगू नये असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं होतं, असं खडूबाईंनी मला दोनदा बजावलं. ती जे सांगेल ते ऐकायचं. रडायचं असेल तर रड, पण ऐकताना तिला दुरुस्त करू नकोस. तुला ते जड जाईल, मला माहीत आहे. आणि ती हो म्हणाली तर खाली लिहिलेल्या बुधवारच्या भेटीची वाट बघायची नाही, तिच्याजवळून हलायचं नाही, त्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात जायचं.

दुसरं. तुमच्यापासून बसने दीड तासावर तालुक्याच्या दवाखान्यात खडूबाईंच्या ओळखीच्या एक बाई मुलांना बघतात. बुधवारी सकाळी अकराची वेळ मी घेऊन टाकली आहे. तुला विचारलं नाही. त्यावरून भांडायचं असेल तर बुधवारनंतर भांड.

तिसरं, आणि तुझ्या मनात सगळ्यात आधी हेच येईल, की त्या बाई सांगतील घरची शाळा बंद करा. मी हे मुद्दाम विचारलं. खडूबाई म्हणाल्या की घरी शिकणं हा आजार नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला घराबाहेरची माणसं मुद्दाम मिळवून द्यावी लागतात, एवढाच फरक. शाळेतल्या मुलाची उतरलेली मान दुसऱ्या बाईंना दिसते, शिपायाला दिसते, बाकावरच्या मैत्रिणीला दिसते. भिंगरीला बघणारे डोळे दोनच आहेत, आणि ते तिला शिकवण्यात गुंतलेले. त्याच गावच्या वाचनालयात दर गुरुवारी घरी शिकणारी मुलं जमतात असंही कळलं. घाई करू नकोस. घाबरून तिला साठ पोरांच्या वर्गातही ढकलू नकोस.

शेवटी त्यांनी विचारलं की या मुलीच्या आईला कोणाचा आधार आहे. मी म्हणालो, माझा. त्यांनी विचारलं, तुम्ही किती लांब. मी म्हणालो, दोन दिवसांच्या वाटेवर. त्या म्हणाल्या की ठीक आहे, पण एवढा पुरणार नाही. तेव्हा मान खाली घालून का होईना, जवळच्या माणसांना हाक मार. सासूबाईंनासुद्धा.

तू चुकलीस. चुकीला रेघ कशी मारायची ते तुझ्याइतकं चांगलं कोणाला येतं? पुढचं उदाहरण सोडवायला घे.

कायम तुझ्या बाजूचा,
दादा


दि. १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. समोर बसवून विचारलं तर तिची मान खाली जाते, म्हणून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना विचारलं. तू लिहिलेले शब्द जसेच्या तसे. मध्ये न थांबता पुरं केलं. ती चादरीचं टोक धरून थांबली. मग म्हणाली की मरायचं नाही, तसं कधी वाटलं नाही. पण आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं. बाबांना घर हलवताना दोनच माणसं हलवावी लागली असती, आई आणि आजी भांडल्या नसत्या. मी काही दुरुस्त केलं नाही. चादरीची घडी मात्र चार वेळा मोडून घातली.

बुधवारी गेलो. हेही रजा काढून आले. भिंगरी चाळीस मिनिटं एक अक्षर बोलली नाही, नुसती रंगवत होती, आणि त्या बाई शेजारी बसून स्वतःचं वेगळं चित्र रंगवत होत्या. मी असते तर दहा प्रश्न विचारले असते. दुसऱ्या बुधवारी ती बोलली. मागच्या वसाहतीतली ती गोदामवाल्याची मुलगी आठवते तुला, हिची जिवलग? तिची दोन पत्रं आली आणि मग थांबली. भिंगरी रोज टपालाची वाट बघायची. मला सांगितलं नाही, कारण मी तेव्हा नव्या घरात फळा बसवत होते.

मग बाईंनी मला आत बोलावलं आणि भिंगरीने माझ्यादेखत सांगितलं की मी उदास आहे असं म्हटलं असतं तर आईची शाळा बंद झाली असती आणि आजीचं खरं ठरलं असतं. म्हणून तिने ते कोपऱ्यातलीवर टाकलं. माझी शाळा वाचवायला माझी मुलगी रोज सकाळी माझ्यासमोर येऊन बसत होती, दादा. मला त्या खुर्चीत बसवेना. लाज वाटली, आणि तिच्याबद्दल भरून आलं. मी तिला एवढंच म्हणाले की शाळा सांभाळणं माझं काम आहे, तुझं नाही. ती म्हणाली बरं. किती पटलं माहीत नाही.

पण आता मी कंबर कसली आहे. शाळा चालू राहील. हजेरी बंद आहे. पटाचं काय करायचं ते भिंगरीला विचारलं, ती म्हणाली आत्ता बंदच राहू दे, तर बंद. सकाळी आम्ही एकमेकींना आज कसं वाटतंय ते सांगतो, आणि नुसतं ठीक म्हणायचं नाही असं ठरलंय, माझ्यासाठीसुद्धा. अभ्यास तीन तास. मी घाईने पुढे रेटलेले धडे जरा बाजूला ठेवले आहेत. यांनी पुढच्या पुलाच्या कामाला नकार दिला. हा पूल झाल्यावर दोन वर्षं इथेच देखभालीवर राहणार. साहेबांनी कारण विचारलं, तर यांनी सरळ सांगितलं की मुलीची तब्येत. आडपडदा ठेवला नाही.

सासूबाईंना मी स्वतः लिहिलं. तुमचं अर्धं खरं होतं, उरलेल्या अर्ध्यासाठी मी तुमच्याशी भांडतच राहणार, आणि मला मदत हवी आहे. चार ओळींचं उत्तर आलं. मी म्हटलंच होतं, असं त्यात कुठेही नाही. पुढच्या महिन्यात येते, एका बुधवारी मी नेईन, तू जरा पडून राहा, एवढंच आहे. 

सगळं बरं झालं, असं मी लिहिणार नाही. परवा ती दिवसभर अंथरुणातून उठली नाही. बाईंनी सांगितलं होतंच की असे दिवस येतील. मी शेजारी बसून बटाटे सोलले. संध्याकाळी ती उठली आणि तिने चार सोलले.

येत्या गुरुवारी वाचनालयात जायचं आहे. तू पत्र लिहीत राहा, आणि चुकते आहे असं दिसलं की सांगत जा. मी आधी भांडेन, मग ऐकेन.

तुझी,
धाकटी


दि. ४ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न.

हे पत्र आई वाचणार नाहीये. तिने तिकीट दिलं आणि बाहेर कपडे वाळत घालायला गेली. मी बघितलं, ते कपडे आधीच वाळलेले होते.

तू विचारलंस की गुरुवारचं कसं चाललंय. आईने तुला काही सांगू नये असं मीच सांगितलं होतं, कारण मला स्वतः सांगायचं होतं.

पहिल्या गुरुवारी मी आत गेले नाही. काचेचं दार आहे, आत अकरा मुलं होती आणि खूप आवाज होता. माझे पाय जड झाले आणि छातीत घट्ट झालं. मी आईला म्हणाले की माझे पाय जड झालेत. माझे, असं म्हणाले. बाईंनी सांगितलंय की दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं तरी चालेल, पण मी नाही घेतलं. आई पायरीवर बसली. तिला काही न शिकवता बसता येत नाही, म्हणून तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. आम्ही एक तास बसलो आणि बसने परत आलो. मुलं पुठ्ठ्याचा पूल करत होती आणि तो मध्येच सारखा वाकत होता. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले की खालून आधार दिला नसेल. नव्हताच दिला.

दुसऱ्या गुरुवारी मी दहा मिनिटं आत उभी राहिले. एक उंच मुलगी आहे, तिच्या आईबाबांचं कठपुतळ्यांचं पथक आहे आणि ते गावोगाव फिरतात, म्हणून ती कधीच शाळेत गेली नाही. तिने विचारलं की तू येतेयस का जातेयस. मी म्हणाले माहीत नाही. ती म्हणाली मग दार तरी लाव, कागद उडतात. मी दार लावलं आणि आतच राहिले. निघताना तिला सांगितलं की पूल वाकतो कारण त्याला खालून आधार नाही. आईला ते फार आवडलं, ती बसमध्ये उगीचच हसत होती. मला वाटलं आता झालं, आता मी बरी झाले.

पण काल परत मला आत जाता आलं नाही. दारापर्यंतसुद्धा नाही, कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या आजोबांपर्यंतच. मी खूप रडले. आई रागावली नाही, पण तिला वाईट वाटलं ते मला दिसलं, आणि मी तिला सांगितलं की तुला वाईट वाटलंय ते मला दिसतंय. ती म्हणाली हो, वाटलंय, पण त्याचं मी बघते, तू तुझं बघ. मग ती पण रडली. आजोबांनी आम्हाला दोघींना बसायला स्टूल दिलं. एकच होतं, म्हणून अर्धं अर्धं.

परत निघालो तेव्हा ती उंच मुलगी वाचनालयातून धावत आली. तिच्या हाताला गोंद लागला होता. ती चिडली होती. म्हणाली की कुठे होतीस, मी सगळ्यांना सांगितलं की पुलाच्या खालचं हिला कळतं, तर सगळे तुझ्यासाठी थांबले आणि तास संपला. मी म्हणाले की मला येता आलं नाही. ती म्हणाली की ते कळलंच, सारखे दाराकडे बघत होतो.

मामा, मी आले नाही ते अकरा जणांना कळलं.

आईने विचारलं की पुढच्या गुरुवारी काय करायचं. ती म्हणाली की तू ठरव, आपण स्टुलापर्यंत गेलो तरी चालेल. मी जाणार आहे. पुठ्ठे मी घरूनच कापून नेणार आहे, सहा खांबांचे, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही.

मला उलट टपाली उत्तर हवंय, आणि त्यात गुडघ्याबद्दल दोनच ओळी चालतील.

तुझी भाची,
भिंगरी